उणीव सांगणाऱ्यास वाट मोकळी असावी

शाळेच्या मागील भिंतीस भगदाड पडले आहे, हे पुष्कळदा मुख्याध्यापकांच्या आधी वाटसरूस दिसते. तो सांगावयास आला, तर आपण त्याचे आभार मानतो. संकेतस्थळाच्या बाबतीत मात्र उणीव दाखविणाऱ्याकडेच संशयाने पाहिले जाते. ही दृष्टी बदलणे अगत्याचे आहे.

आज कित्येक शाळांची व कार्यालयांची संकेतस्थळे आहेत. त्यांवर मुलांची नावे, जन्मतारखा, पालकांचे दूरध्वनी क्रमांक साठविलेले असतात. पत्त्याच्या ओळीतील एक अंक बदलताच दुसऱ्याच मुलाचे प्रगतिपत्रक उघडावे, अशी उणीव अशा ठिकाणी राहू शकते. ती चोरट्याच्या आधी एखाद्या अभ्यासू संशोधकाच्या ध्यानी आली, तर ते आपले भाग्यच होय. पण त्याने ती कळवावी कोणास? पत्ता सापडत नाही. सापडला तर उत्तर येत नाही. शिवाय माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात प्रवेश करणे बेकायदेशीर असल्याने, सद्‌हेतूने पाहणारासही धास्ती वाटते. परिणामी तो गप्प राहतो आणि भगदाड तसेच राहते.

यावर एप्रिल २०२२ मध्ये एक साधी रीत प्रसिद्ध झाली. संकेतस्थळावर ठराविक जागी 'सिक्युरिटी.टीएक्सटी' नावाची छोटी मजकूर-फाईल ठेवावयाची. तीत दोन नोंदी आवश्यक आहेत : कळविण्याचा पत्ता, आणि ही माहिती कोणत्या तारखेपर्यंत ग्राह्य धरावी ती मुदत. मुदत अशासाठी, की जुना, कोणी न वाचणारा पत्ता सांगणाऱ्याची दिशाभूल करतो. नेदरलँड्सच्या शासनाने तर २०१३ मध्येच अशा सूचनांविषयी मार्गदर्शिका काढली. आपल्या देशात 'सर्ट-इन' ही केंद्रशासनाची संस्था अशा सूचना स्वीकारते.

मात्र केवळ पत्ता देऊन भागत नाही. सूचना येताच पोच द्यावी, दुरुस्तीस किती दिवस लागतील ते कळवावे व शेवटी आभार मानावेत. संशोधकानेही गरजेपेक्षा अधिक माहिती पाहू नये व दुरुस्तीपूर्वी वाच्यता करू नये. आपण काय तपासणे चालेल व काय नाही, हे संकेतस्थळावर स्पष्ट लिहिल्यास त्याची धास्ती कमी होते.

शिक्षकांनी आपल्या शाळेचे संकेतस्थळ तयार करणाऱ्याकडून ही व्यवस्था करून घ्यावी, आणि दिलेल्या पत्त्यावरील पत्रे कोण वाचणार हे नावानिशी ठरवावे. फळ्यावरील चूक दाखविणाऱ्या मुलास आपण शाबासकी देतो. तोच न्याय येथेही लावावा.