एटीव्हीमागे ओढायचा टिलर

एटीव्हीमागे ओढायचा टिलर म्हणजे हाताने धरून चालवायच्या बागकामाच्या टिलरमध्ये फेरफार करून तो एटीव्हीला जोडता येईल असा केलेला मशागतीचा संच होय. एटीव्ही हे खडबडीत जमिनीवर चालणारे, रुंद व कमी दाबाचे टायर आणि मोटारसायकलसारखी बैठक व हँडल असलेले वाहन आहे. अमेरिकेत मोठ्या परसबागा आणि वन्यप्राण्यांसाठी चारा पेरण्याचे लहान तुकडे तयार करण्यासाठी असे संच वापरले जातात. तेथे ते तयारही विकत मिळतात. तथापि जुना टिलर घरीच जोडून घेणारे अनेक आहेत.

पार्श्वभूमी

फिरत्या पात्यांनी जमीन खणण्याच्या कल्पनेला व्यवहार्य रूप देणाऱ्यांत आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड यांचे नाव प्रमुख आहे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समधील गिलगँड्रा येथे त्यांनी १९१२ साली प्रयोग सुरू केले. आरंभीची पाती माती बाजूला भिरकावीत. काटकोनात वळवलेली पाती बसवल्यावर हा दोष गेला. १९२० साली त्यांनी एकस्व घेतले. महाराष्ट्रात ट्रॅक्टरमागच्या अवजारासाठी रूढ झालेला ‘रोटाव्हेटर’ हा शब्द मुळात हॉवर्ड यांच्या यंत्राचे व्यापारी नाव होते. एटीव्ही त्यामानाने अलीकडची: होंडाची तीनचाकी १९७० साली अमेरिकेत आली आणि चारचाकी गाड्या १९८०च्या दशकात रूढ झाल्या.

वेगाचा प्रश्न

ट्रॅक्टरमागचा रोटाव्हेटर ट्रॅक्टरच्या पीटीओ शाफ्टवर फिरतो. एटीव्हीला सहसा असा शाफ्ट नसतो. म्हणून टिलरचे स्वतःचे इंजिन कायम ठेवले जाते आणि एटीव्ही केवळ ओढण्याचे काम करते. येथेच खरी अडचण उद्भवते, आणि ती वेल्डिंगने सुटणारी नाही.

पात्यांच्या दोन घावांमधील अंतर पुढे सरकण्याचा वेग आणि पात्यांचे फेरे यांवर ठरते. समजा, शाफ्ट मिनिटाला १५० फेरे घेतो आणि प्रत्येक फेऱ्यात दोन पाती एकाच रेषेत जमिनीवर पडतात. म्हणजे मिनिटाला ३०० घाव. ताशी १ किलोमीटर वेगाला दोन घावांतील अंतर सुमारे साडेपाच सेंटिमीटर येते व माती भुसभुशीत होते. तोच वेग ताशी ६ किलोमीटर केला, तर अंतर ३३ सेंटिमीटर होते. पाती माती फोडण्याऐवजी ढेकळे उचकटतात आणि मध्ये न खणलेले पट्टे राहतात. टिलर हा सावकाश पावलांसाठी बनवलेला असतो, तर एटीव्हीला तितक्या संथ गतीने दीर्घकाळ चालणे जड जाते. पट्ट्यावर चालणाऱ्या स्वयंचलित गिअर व्यवस्थेत त्यामुळे पट्टा तापतो. यास्तव सर्वांत खालचा गिअर वापरून, एकाच जागी दोन-तीन वेळा थोडी थोडी खोली वाढवत जाणे श्रेयस्कर ठरते.

रचना

टिलरची हँडले काढून तो दोन चाकांच्या लोखंडी चौकटीत बसवतात व पुढे ओढदांडा जोडतात. वजन चौकटीच्या चाकांवर पडले पाहिजे. ते ओढदांड्यावर आल्यास चढावर एटीव्हीची पुढची चाके हलकी होतात. जोड वरखाली हलणारा असावा लागतो, अन्यथा कठीण जमिनीवर टिलर उसळला की हिसका थेट वाहनाला बसतो. टिलरला स्वतःची चालती चाके असतील, तर त्यांची शक्ती तोडावी लागते. खोली ठरवण्यासाठी व वाटेत पाती उचलून धरण्यासाठी तरफ किंवा विंच लावतात. मात्र उचलताना इंजिन फार तिरके झाल्यास तेल सर्व भागांपर्यंत पोहोचत नाही.

पात्यांची दिशाही महत्त्वाची आहे. चाकांच्याच दिशेने फिरणारी पाती मुळीवर वा दगडावर आदळली की टिलर पुढे झेपावतो आणि वाहनाला ढकलतो. उलट दिशेने फिरणारी पाती मागे ओढ घेतात, त्यामुळे जोड ताणलेला राहतो. शिवाय घरगुती टिलर बहुधा एटीव्हीपेक्षा अरुंद असल्याने पुढच्या फेरीत एक चाक नुकत्याच खणलेल्या मातीवरून जाऊन ती पुन्हा दाबते. टिलर एका बाजूला सरकवून जोडल्यास हे बरेच टळते.

सुरक्षितता

चालत वापरायच्या अनेक टिलरमध्ये हँडलवरील तरफ सोडताच पाती थांबतात. हँडल काढल्यावर ही तरफ तारेने बांधून ठेवण्याची पद्धत आढळते. संपूर्ण फेरफारातील ही सर्वांत घातक गोष्ट आहे. चालक खाली पडला तरी पाती फिरत राहतात, आणि वाहन थांबले नाही तर ती दूरवर जमीन खणत जातात. त्याऐवजी चालकाच्या मनगटाला दोरीने बांधलेला किल स्विच बसवून, दोरी सुटताच एटीव्ही व टिलर अशी दोन्ही इंजिने बंद होतील अशी जोडणी करतात. पात्यांवर पत्र्याचे झाकण ठेवणे, पाती फिरत असताना वाहन मागे न घेणे आणि तीव्र उतारावर आडवे न चालवणे हेही आवश्यक असते. पात्यांत गुंतलेल्या वेली व मुळ्या काढण्यापूर्वी दोन्ही इंजिने बंद करून टिलरच्या स्पार्क प्लगची वायर काढून ठेवतात.