कमी पाण्याची बाग (लेखांक ७) : वैशाखात फुलेल असं काय लावावं?

गेल्या लेखांकात मुरूम, पोयटा आणि पालापाचोळ्याचं आच्छादन यांविषयी लिहिलं होतं. जमीन तयार झाली, आता तिच्यात लावायचं काय? या आठवड्यापासून झाडांकडे वळू आणि सुरुवात वर्षातल्या सगळ्यात अवघड दिवसांपासून करू.

हिवाळ्यात फुलबाग कोणालाही साधते. शेवंती, झेंडू, पिटुनिया यांची रोपं आणून नुसती मांडली तरी फेब्रुवारीपर्यंत रंग टिकतो. होळी झाली की हे हंगामी ताटवे वाळतात आणि चैत्रापासून मृगापर्यंत बहुतेक अंगणं मातकट होऊन जातात. नेमकी याच दिवसांत बोअर आटते, टँकर सुरू होतात आणि बागेला पाणी घालू नका, अशी सूचना सोसायटीच्या फळ्यावर लागते. एप्रिल-मेमध्ये रंग हवा असेल, तर तो वर्षानुवर्षं टिकणाऱ्या, मुळं खोल गेलेल्या झाडांकडूनच घ्यावा लागतो, आणि तोही जवळपास पाण्याविना. हे अशक्य मुळीच नाही. भर मे महिन्यात कुठल्याही महामार्गाचा दुभाजक पाहा. क्वचित फिरकणाऱ्या टँकरवर जगणारी कण्हेर आणि बोगनवेल तिथे फुलांनी वाकलेली असतात.

मात्र निवड करताना एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. दख्खनच्या पठारावर झाडाला दोन परीक्षा द्याव्या लागतात. पुण्यात वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते ऑक्टोबर या काळात. म्हणजे सात-आठ महिने कोरडे आणि चार महिने मुळाशी सतत ओल. नुसता दुष्काळ सोसणारं झाड इथे उपयोगाचं नाही. त्याला आपला पावसाळाही सोसता आला पाहिजे. परदेशी पुस्तकांत आणि ऑनलाइन बियाण्यांच्या दुकानांत ‘कमी पाण्यावर येणारी’ म्हणून लव्हेंडर, सेडम यांची भलामण असते. ती झाडं आपल्याकडे उन्हाळ्यात मरतातच असं नाही. पण श्रावणात त्यांची मुळं कुजतात.

त्या पुस्तकांतून यादी घेऊ नये, पण विचार करण्याची पद्धत जरूर घ्यावी. इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यात, कोलचेस्टरजवळ, बेथ चॅटो या बाईंनी १९६० पासून बाग उभी केली. तो भाग इंग्लंडच्या मानानं फार कोरडा, वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर पावसाचा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी जुन्या गाडीतळाची खडीमिश्रित जमीन नांगरून तिथे झाडं लावली आणि ती रुजल्यावर पुन्हा पाणी द्यायचं नाही असं ठरवलं. ती खडीची बाग आजही जगभरचे बागकर्मी पाहायला जातात. त्यांचे पती अँड्र्यू यांनी आयुष्यभर एकाच प्रश्नाचा अभ्यास केला होता : अमुक झाड रानात मुळात उगवतं कुठे? बेथबाईंची सगळी निवड त्या उत्तरावर उभी राहिली. त्यांचा पाऊस वर्षभर थोडा थोडा पडतो, आपला चार महिन्यांत कोसळतो, म्हणून त्यांची झाडं आपली होणार नाहीत. प्रश्न मात्र तोच विचारायचा.

कण्हेरीबाबत तो विचारून पाहा. रानातली कण्हेर ओढ्यांच्या आणि नद्यांच्या पात्रात, गोट्यांमध्ये उगवते. पावसाळ्यात पूर तिच्या अंगावरून जातो, उन्हाळ्यात तेच पात्र खडखडीत कोरडं पडतं. आपल्या दोन्ही परीक्षा तिनं जन्मजात दिलेल्या आहेत! तिचं पान हातात घेऊन पाठीमागून पाहिलं, तर बारीक बारीक खळगे दिसतात. त्या खळग्यांत लव असते आणि पानाची श्वासछिद्रं तिच्या आडोशाला, आत दडलेली असतात. कोरडा वारा वरून गेला तरी आतलं बाष्प सहज ओढून नेऊ शकत नाही. वरच्या बाजूला जाड, मेणचट साल. चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ च्या पुढे जातो, तिथेही कण्हेर टवटवीत दिसते ती यामुळे.

कण्हेर पांढरी, लाल, गुलाबी अशी मिळते. मी एकेरी पाकळ्यांची घ्यायला सांगेन. तिची फुलं वाळली की आपोआप गळतात. दुहेरी फुलं तपकिरी होऊन झाडावरच लोंबत राहतात आणि ऐन बहरात झाड मळकट दिसतं. फुलं नव्या फुटीच्या टोकाला येतात, म्हणून थंडीत छाटणी केली की उन्हाळ्यापर्यंत फूट तयार होते. कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा बसला तर घाबरू नका. तो बहुतेक वेळा जास्त पाण्याचा आणि खताचा परिणाम असतो. पाण्याची जोरदार धार मारा आणि खत थांबवा. एक मात्र गंभीरपणे लक्षात ठेवा : कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी आहे. छाटलेल्या फांद्या जाळू नका, त्यांचा धूरही घातक असतो. घरात रांगतं मूल असेल किंवा अंगणात शेळ्या-गाई येत असतील, तर कण्हेर कुंपणाबाहेरही नको. पिवळ्या कण्हेरीला, म्हणजे बिट्टीला, हेच लागू आहे. तिच्या बिया तर फारच विषारी.

बोगनवेलीचं गणित वेगळं आहे आणि ते फळबागायतदारांना लगेच कळेल. संत्रा, मोसंबी, डाळिंब यांचा बहार धरताना बागेला ताण देतात. मृग बहार हवा असेल तर एप्रिल-मेमध्ये पाणी तोडतात, आंबिया बहार हवा असेल तर डिसेंबरच्या सुमारास. पानं मलूल होतात, वाढ थांबते आणि पुन्हा पाणी मिळताच झाड फुलावर येतं. बोगनवेलही ताणाला असंच उत्तर देते. तिला रोज पाणी घालणाऱ्या घरी ती हिरवीगार, काटेरी, आडदांड वाढते आणि फुलत नाही. ‘आमच्या बोगनवेलीला फुलंच येत नाहीत’ ही तक्रार जवळजवळ नेहमी प्रेमानं पाणी घालणाऱ्या माणसाकडून येते. जानेवारीच्या अखेरीस हलकी छाटणी करा, एकदा भरपूर पाणी द्या आणि मग हात आखडता घ्या. पानं कोमेजू लागली तरच पुढचं पाणी. दीड-दोन महिन्यांत नव्या फुटीवर रंग चढू लागतो.

आपण ज्यांना बोगनवेलीची फुलं म्हणतो ती खरं तर रंगीत पानं आहेत. खरी फुलं त्यांच्या मधोमध तीन-तीनच्या गटात, पांढुरकी, काडीएवढी. पाकळी नाजूक असते, उन्हात एका दुपारीत मान टाकते. ही पानं कागदासारखी कोरडी, म्हणून वैशाखाच्या उन्हातही आठवडेच्या आठवडे टिकतात. ही वेल मूळची दक्षिण अमेरिकेची. फ्रेंच दर्यावर्दी बोगनव्हिल यांचं नाव तिला मिळालं. त्यांच्या सफरीवरचे वनस्पतिशास्त्रज्ञ कॉमरसाँ यांनी ती ब्राझीलमध्ये टिपली होती. एकाच वेलीवर पांढरे आणि राणी रंगाचे झुबके देणारी ‘मेरी पामर’ आपल्या रोपवाटिकांत सहज मिळते. जागा थोडी असेल तर मी तीच निवडीन. कोकणात मात्र बोगनवेल पावसाळाभर फक्त पाला वाढवते. तिथे ती उतारावर किंवा कुंडीत बरी.

चाफ्यानं तिसराच मार्ग धरला आहे. पाण्याचा खर्च पानांतून होतो, मग पानंच टाकून द्यायची. माघ-फाल्गुनात पांढरा खुरचाफा निष्पर्ण होतो आणि उन्हं तापली की त्या जाड, रसाळ फांद्यांच्या टोकांना फुलांचे गेंद येतात. साठवलेल्या पाण्यावरच सगळा बहर. त्याची फांदी लावायची ती आत्ताच, पावसाच्या आधी, पण तोडल्या तोडल्या नाही. सात-आठ दिवस सावलीत ठेवून चीक सुकू द्या, काप कोरडा झाला की मग मुरमाड जमिनीत रोवा. ओली फांदी लावली तर ती हमखास कुजते.

चाफ्याच्या पायथ्याशी मे फ्लॉवरचे कंद पुरून ठेवावेत. काही जण त्याला फुटबॉल लिली म्हणतात. हिवाळ्यात जमिनीवर त्याचं नाव-निशाण नसतं. एप्रिल-मेमध्ये, वळवाच्या सुमारास, शंभरावर बारीक लाल फुलांचा गोळा एका दांड्यावर उभा राहतो. हा बहर आठवडा-दहा दिवसांचाच, पण त्यासाठी वर्षभर काहीही करावं लागत नाही. त्याला दुपारची सावली लागते, ती चाफ्याच्या नव्या पानांची मिळते.

ज्यांना वर्षभर, मागितल्यावाचून रंग हवा त्यांनी सदाफुलीकडे पुन्हा नीट पाहावं. मादागास्करहून आलेलं हे झाड आपल्या पायरीच्या फटीत उगवतं, म्हणून त्याला कुणी किंमत देत नाही. याच झाडातून व्हिंक्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही कर्करोगावरची औषधं निघाली. बागेत तिला फक्त दोन गोष्टी नकोत : सावली आणि साचलेलं पाणी. जुनी झाडं काटकुळी होतात. दर वर्षी पावसाळ्यानंतर शेंडे खुडा, म्हणजे ती गच्च राहते.

उंचीसाठी शंकासुर. केशरी-लाल किंवा नुसता पिवळा, उन्हाळ्यात सुरू होऊन पावसाळाभर फुलतो, बियांपासून सहज येतो. भिंतीवरून खाली सोडायला रसेलिया. त्याला पानं जवळपास नाहीतच, हिरव्या काड्याच अन्न तयार करतात आणि लाल नळकांड्यांसारख्या फुलांवर शिंजीर दिवसभर येत राहतात. टेकोमा पिवळाधमक आणि काटक आहे, पण त्याच्या शेंगा वेळेवर तोडण्याची तयारी असेल तरच लावा. पंखांच्या बिया वाऱ्यावर जातात आणि शेजारच्या मोकळ्या जागेत रान माजतं. थोडी सावली आणि आठवड्याला दोनदा पाणी देता येत असेल तर अबोली लावा. या यादीत सर्वांत जास्त पाणी तिला लागेल, तरीही मोगऱ्यापेक्षा कमीच. मोगरा घरात एक असावाच. त्याला भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी राखून ठेवा.

आता घाणेरीविषयी, म्हणजे टणटणीविषयी. रोपवाटिकेत ती ‘लँटाना’ या नावानं, लाल-पिवळ्या झुबक्यांनी मोहवून टाकते. दुष्काळ सोसते, फुलपाखरं येतात, सगळं खरं. पण शोभेचं झाड म्हणून दोनशे वर्षांपूर्वी भारतात आणलेल्या या झुडपानं देशभरची जंगलं गिळली आहेत. व्याघ्र प्रकल्पांत ते उपटून काढण्याच्या मोहिमा चालतात, त्याच्याखाली गवत उगवत नाही आणि गुरांना त्याच्या पाल्याची बाधा होते. पक्षी फळं खातात आणि बी कुठेही नेऊन टाकतात. बुटक्या जातींना बी धरत नाही असं विक्रेते सांगतात. तरीही माझं मत ठाम आहे : घाणेरी लावू नये.

तिच्याऐवजी सह्याद्रीतली धायटी लावून पाहा. लालभडक फुलं साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, शेवटच्या पावसानंतर थेंबभर पाणी न मिळालेल्या डोंगरउतारावर. आसव-अरिष्टं आंबवायला वैद्य हीच फुलं वापरतात. व्यापारी रोपवाटिकांत ती क्वचित दिसते, कारण मागणी नाही. आपण मागितली तर येईल. मोकळी जागा असेल तर एक रुईही राहू द्या. प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या तिच्या पाल्यावर वाढतात.

बाल्कनीवाल्यांनी कुंड्यांत अडेनियम आणि युफोर्बिया ठेवावेत. दोघंही कडक उन्हात फुलतात आणि बुंध्यात पाणी साठवून ठेवतात. पण वर सांगितलेल्या दुसऱ्या परीक्षेत ते नापास होतात. म्हणून मृगाच्या आधी कुंड्या छपराखाली सरकवा. दोघांचाही चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका.

शेवटची गोष्ट वेळेची. कमी पाण्यावर जगणारं झाड पहिल्या दिवसापासून कमी पाण्यावर जगत नाही. मे महिन्यात फुललेलं रोप पाहून तेव्हाच आणून लावलं, तर त्याची मुळं पिशवीएवढीच असतात आणि ते टँकरच्या पाण्यावरच तगतं. लागवड जून-जुलैत करा. चार महिन्यांच्या पावसात मुळं खाली उतरतात. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला एकदा, पण हातभर खोल ओल जाईल इतकं पाणी द्या. रोज शिंपडलं तर मुळं वरच राहतात. दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरवड्यानं, आणि त्यापुढे कण्हेर, चाफा, बोगनवेल, शंकासुर यांना जमिनीत असताना बहुधा काहीच लागणार नाही.

मृगाला अजून काही आठवडे आहेत. तोवर आपल्या गल्लीत, शाळेच्या कुंपणावर, जुन्या वाड्यांच्या परसात, कुणीही पाणी न घालता काय फुललं आहे ते पाहून ठेवा आणि मालकांना विचारून फांदी किंवा बी मागून घ्या. तुमच्या गावच्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात तगून राहिलेली झाडं तीच आहेत. पुढच्या आठवड्यात कुंपणासाठीच्या झुडपांबद्दल.