रोजी देणारा अल्लाह आहे, यात्रा नव्हे

परंडा तालुक्यातील सोनारी हे गाव काळभैरवनाथाच्या चैत्रातील यात्रेसाठी दूरवर प्रसिद्ध आहे. अशा यात्रांवर आमच्या किती तरी लहान व्यापाऱ्यांचे वर्षाचे गणित उभे असते. मणियाराच्या बांगड्या, अत्ताराचे हळद-कुंकू, खेळणी, मिठाई, सारे त्या चार दिवसांत खपते. माल आधी उधारीवर भरायचा, यात्रेत विकायचा, परतल्यावर पेढीची बाकी फेडायची, ही बापजाद्यांची रीत. रीत इतकी जुनी की, आपली रोजी यात्राच देते, असे नकळत वाटू लागते.

सन २०२० मध्ये हे गणित मोडले. २५ मार्चला, ऐन गुढीपाडव्याच्या दिवशी, देशभर लॉकडाऊन सुरू झाले. राज्यातील यात्रा-जत्रा रद्द झाल्या. २५ एप्रिलला रमजान सुरू झाला आणि २५ मे रोजी ईद झाली, तीही लॉकडाऊनमध्येच. म्हणजे यात्रेचा हंगाम गेला आणि ईदचाही गेला. पुढच्या वर्षीच्या चैत्रातही निर्बंध होतेच. ज्याने माल भरून ठेवला होता, त्याच्या घरात बांगड्यांचे खोके पडून आणि डोक्यावर उधारी, अशी अवस्था झाली. अशा वेळी "अल्लाहवर भरवसा ठेवा" हे शब्द कानाला बरे वाटतात. पण त्याचा अर्थ काय?

तवक्कुल म्हणजे काय?

तवक्कुल म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे. उंट बांधू की मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू, असे एकाने विचारले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी उंट बांधण्यास व मग भरवसा ठेवण्यास सांगितले. पाखरांचा दाखलाही त्यांनीच दिला. पाखरे सकाळी रिकाम्या पोटी निघतात आणि सायंकाळी पोट भरून परततात. ध्यानात घ्या, पाखरे घरट्यात बसून राहत नाहीत.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. तवक्कुल केला म्हणजे तोच धंदा, तीच जागा, तेच गिऱ्हाईक परत मिळेल, असे वचन अल्लाहने दिलेले नाही. रोजीचे दार त्याच्या हाती आहे; ते कोणत्या बाजूने उघडायचे हेही त्याच्याच हाती. आपण जुन्या दाराशीच अडून बसलो, तर तो भरवसा अल्लाहवर नसून सवयीवर ठरतो.

मदीनेच्या बाजारात

हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) हे मक्केचे व्यापारी. हिजरतीनंतर ते मदीनेत रिकाम्या हाताने आले. हजरत साद बिन रबीअ (रजि.) यांनी त्यांना आपली निम्मी मालमत्ता देऊ केली. त्यांनी दुआ देऊन ती नाकारली आणि फक्त बाजाराची वाट विचारली. बनू कैनुकाच्या बाजारात ते तूप व पनीर यांच्या व्यवहारापासून पुन्हा उभे राहिले. मक्केतील पेढी गेली म्हणून ते रडत बसले नाहीत, की दुसऱ्याच्या दानावर विसंबले नाहीत. याला तवक्कुल म्हणतात.

आपल्या भागाने काय पाहिले?

हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या संस्थानात होता. त्या वर्षीच्या पोलीस ॲक्शनमध्ये या जिल्ह्यातील अनेक मुस्लिम कुटुंबांचे घरदार व रोजगार गेले. पुढे नाणेही बदलले. सात हाली रुपयांना सहा भारतीय रुपये, असा हिशेब ठरला आणि १९५९ मध्ये हाली सिक्का पूर्ण बंद झाला. मधेच १ एप्रिल १९५७ पासून आणे जाऊन नवे पैसे आले. आमच्या वाडवडिलांनी हे सारे एका आयुष्यात सोसले. त्यांनी नवा हिशेब शिकून घेतला आणि दुकाने पुन्हा मांडली. २०१६ ची नोटबंदी, २०१७ चा जीएसटी आणि आता मोबाइलवरून होणारे पैसे, हे त्याच मालिकेतले आहे.

मग उंट कसा बांधावा?

साऱ्या भांडवलाचा माल एकाच यात्रेसाठी भरू नये. देणे-घेणे लिहून ठेवावे. कुरआनने तसा स्पष्ट आदेश दिला आहे. अडचण आली म्हणून व्याजाच्या दारी जाऊ नये. त्याऐवजी पेढीवाल्यास तोंड दाखवून मुदत मागावी. जो तोंड लपवतो, त्याची पत जाते. आणि आपले देणेकरी अडलेले असतील, तर त्यांनाही मुदत द्यावी. तंगीच्या दिवसांत माप मारण्याचा मोह होतो. तो टाळणे हीच तवक्कुलची खरी परीक्षा. मापात चोरी करणारा तोंडाने काहीही म्हणो, रोजी आपल्या चलाखीतून येते असेच तो मानत असतो.

यात्रा पुन्हा भरू लागल्या आहेत. आपण माल जरूर भरावा, बिस्मिल्लाह म्हणून दुकान मांडावे. मात्र गल्ला मोजताना एवढे आठवावे की, दोन चैत्र यात्रा नव्हती, तरी ज्याने घास दिला तो होता.