कोरी वही आणि वाढलेले ब्लडप्रेशर

गेल्या पावसाळ्यात माझ्या नेरूळच्या दवाखान्यात एक काका आले. वय सहासष्ट. जवळच्याच एका मूळ गावातले, आगरी समाजाचे, नोकरीतून निवृत्त झालेले. तक्रार झोपेची. रात्री दोनला जाग येते, छातीत धडधडते, मग डोळ्याला डोळा लागत नाही. ब्लडप्रेशर १७०/१०० भरले. इसीजी काढला, साखर पाहिली, थायरॉइड तपासले. सारे ठीक. मी सुनेला सांगितले, आठवडाभर घरीच सकाळ-संध्याकाळ मशीन लावा आणि आकडे लिहून आणा.

आकडे आले, ते १३०/८० च्या आसपास. दवाखान्यात चढणारे आणि घरी उतरणारे असे ब्लडप्रेशर आम्हा डॉक्टरांच्या ओळखीचे असते. त्याला आम्ही ‘पांढऱ्या कोटाचे ब्लडप्रेशर’ म्हणतो. (मी कोट घालत नाही, पण रोग्याला तो दिसतोच.) अशा माणसांना लगेच गोळी लागतेच असे नाही, पण लक्ष ठेवावे लागते, कारण काहींचे पुढे खरोखरच वाढते.

यादीत एक आकडा मात्र वेगळा होता. रविवारी सकाळी, घरीच, १६८/९८. मी विचारले, “त्या दिवशी काय झालं होतं?” काका गप्प. सून म्हणाली, “बाबा वही घेऊन बसले होते.”

हळूहळू उलगडा झाला. नातवाने विचारले होते, “आजोबा, ८४ च्या आंदोलनात तुम्ही होता का?” आपल्या जिल्ह्यात ‘८४’ म्हटले की पुढे सांगावे लागत नाही. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या, आणि योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवसांत उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्यानंतर आली. काका तेव्हा पंचविशीत होते. जासईला होते. नातवासाठी ते सारे लिहायचे म्हणून त्यांनी दोनशे पानी वही आणली. आठ महिने ती कोरीच होती. पेन हातात घेतले की हात थरथरायचा आणि तोंडाला कोरड पडायची.

“शुद्धलेखन येत नाय, मना भेव वाटतं,” एवढेच ते त्या दिवशी म्हणाले.

मी हसलो नाही, कारण हा आजार माझ्या घरचा आहे. आठवीत असताना आमच्या एका मास्तरांनी माझा निबंध वर्गात नाकातून वाचून दाखवला होता. मुले पोट धरून हसली. त्यानंतर तीसेक वर्षे मी जे लिहिले ते प्रिस्क्रिप्शन, रजेचे दाखले आणि मृत्यूचे दाखले. या सदरासाठी संपादकांनी विचारले तेव्हा मी तोऱ्यात ‘हो’ म्हटले आणि पुढचे तीन रविवार कागदासमोर घाम पुसत बसलो. सौभाग्यवतींनी एकदा नाडी मोजली. ११२! शेवटी औषध कंपनीच्या प्रतिनिधीने दिलेल्या फुकटच्या चिठ्ठ्यांच्या पॅडवर, दोन रोग्यांच्या मधल्या वेळात, ‘जुलाब’ या विषयावर सहा ओळी खरडल्या. पॅडला कोण भितो? तो लेख छापून आला.

शरीरात नेमके काय होते ते सांगतो. दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात. मेंदूला धोका दिसला की त्या अॅड्रिनॅलिन सोडतात. हृदयाचे ठोके वाढतात, तळव्यांना घाम येतो, लाळ आटते, बोटे थरथरतात. अंगणात साप निघाला तर ही तयारी उपयोगाची. पण मेंदूला साप आणि ‘लोक काय म्हणतील’ यांत फारसा फरक करता येत नाही. आपण वही मिटून उठतो आणि बरे वाटते. गोम तिथेच आहे. उठल्याने बरे वाटले, हे शरीर लक्षात ठेवते आणि पुढच्या खेपेला आणखी लवकर उठवते. यावर उपाय पोहायला शिकवतात तसा, आधी पायरीवर पाय बुडवायचे, मग गुडघाभर पाण्यात जायचे. एकदम विहिरीत ढकलू नये.

एक खबरदारी घ्यावी. प्रत्येक थरथर भीतीची नसते. काहींचा हात फक्त लिहितानाच वाकडा होतो, बोटे आवळून बसतात आणि इतर कामे मात्र नीट होतात. हा ‘रायटर्स क्रॅम्प’ नावाचा मज्जासंस्थेचा विकार आहे, त्याला मनाची भीती समजून बसू नये. थायरॉइड वाढले तरी हात कापतो. एक बाई वर्षभर सांगत होत्या की, लिहायला बसले की डोके धरते, धीर खचतो. त्यांना दीड नंबरचा जवळचा चष्मा हवा होता, बाकी काही नाही! आणि काही जण भाषणाआधी थरथर थांबवणारी गोळी शेजाऱ्याकडून मागून घेतात. दमेकऱ्याला ती गोळी जिवावर बेतू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिला हात लावू नका.

काकांना मी फलटणच्या बेबीताई कांबळे यांच्याबद्दल सांगितले. बेबीताईंचे फलटणला छोटे दुकान होते. माल बांधायला येणारी रद्दी त्या वाचत. दुकानात एकट्या असल्या की लिहीत आणि घरच्यांच्या भीतीने वह्या अडगळीत दडवून ठेवत. अशी सुमारे वीस वर्षे गेली. फलटणलाच राहणाऱ्या अभ्यासक मॅक्सिन बर्नसन यांच्या प्रोत्साहनाने ते लिखाण बाहेर आले, १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकात क्रमशः छापले गेले आणि १९८६ मध्ये ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झाले. आज ते दलित स्त्रीच्या पहिल्या आत्मकथनांमध्ये गणले जाते. बाईंना घरात लपून लिहावे लागले ही वाईटच गोष्ट, तिचे कौतुक मी करणार नाही. पण लिहिताना ते पान कोणी पाहणार नव्हते, हेही खरे. माझ्या मते पहिला खर्डा तसाच हवा. घरच्या ब्लडप्रेशरसारखा, समोर पांढरा कोट नसताना घेतलेला.

वयाचे म्हणाल तर लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये आला, तेव्हा त्यांची पासष्टी उलटली होती आणि शाळेचे शिक्षण नव्हतेच म्हणा. बहिणाबाई चौधरी यांना तर लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी, टिपून ठेवल्या म्हणून १९५२ मध्ये पुस्तक झाले. ज्यांचा हात चालत नाही त्यांनी बोलावे, नातवाच्या मोबाइलमध्ये आवाज भरून घेता येतो.

लिहिण्याने तब्येत सुधारते का, असे लोक विचारतात. जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कॉलेजच्या मुलांना ओळीने चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, मनाला लागलेल्या प्रसंगाबद्दल लिहायला सांगितले होते. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना लगेच उदासच वाटले, पण पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या खेपा कमी झाल्या. नंतरच्या अनेक प्रयोगांत फायदा कुठे थोडा दिसला, कुठे दिसलाच नाही. तेव्हा हे रामबाण औषध समजू नका. दुःख ताजे असेल, लिहिल्यावर दिवसेंदिवस झोप उडत असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर वही बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. त्यात कमीपणा नाही.

काकांना मी सांगितले, “जासईचं आत्ता लिहूच नका. त्या सकाळी घरातून निघताना काय खाल्लं होतं, तेवढंच लिहा. तुमच्या बोलीत लिहा. घड्याळ लावून दहा मिनिटं, मग उठायचं. कोणालाही दाखवायचं नाही, मलासुद्धा नाही.”

पंधरा दिवसांनी ते एकटेच आले. सुनेला बाहेर बसवले होते. म्हणाले, भाकरी आणि सुकटीवर दोन पाने झाली. आईने फडक्यात बांधून दिली होती, ते फडके कोणत्या रंगाचे होते हेही आठवले. मग बराच वेळ टेबलाकडे पाहत राहिले.

“डॉक्टर, गोली चालली तवा मी पलालो व्हतो. माझ्या बाजूचा पोरगा पडला आन मी पलालो. तं वहीन लिवायचं का?”

शुद्धलेखन बाजूलाच राहिले होते. चाळीस वर्षे या माणसाला हुतात्मा दिनी गावात सन्मानाने पुढे बसवतात, आणि दर वर्षी तो खाली मान घालून बसतो. मला काही उत्तर सुचले नाही. एवढेच म्हणालो की, समोर बंदूक असताना पाय पळतात ते आपल्याला विचारून पळत नाहीत, तेही अॅड्रिनॅलिनचेच काम. त्यांनी मान हलवली. पटले की नाही, सांगता येणार नाही.

हे सारे मी त्यांच्या संमतीने लिहिले आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वही सध्या तांदळाच्या डब्यात असते, सुनेला ठाऊक आहे, पण ती हात लावत नाही. गेल्या गुरुवारी दवाखान्यातले ब्लडप्रेशर १४४/८८ होते. झोप अजून दोनलाच मोडते, पण आता ते कूस बदलत पडून न राहता उठून दिवा लावतात. अकरा पाने झाली आहेत. अजून दास्तान फाटा आलेला नाही.