ध्वनिमुद्रण आणि पंख्याची घरघर : मावळातील क्षेत्रकार्याच्या संदर्भात

बोलीच्या अभ्यासकाने खेडोपाडी जाऊन लोकांचे बोलणे टिपून घ्यावे, ही पद्धती आपल्याकडे नवी नाही. भारताच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा बोलींचे नमुने लेखी स्वरूपातच मिळविलेले होते. डॉ. अ. मा. घाटगे यांच्या मराठी बोलींच्या पाहणीचा पहिला ग्रंथ १९६३ साली निघाला. अलीकडे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मिळून हाती घेतलेल्या पाहणीत ध्वनिमुद्रणास मध्यवर्ती स्थान आहे. कागदाच्या जागी यंत्र आले. त्याबरोबर एक जुनी चिंता गेली आणि एक नवी आली. लेखनिकाच्या कानाचा दोष आता नमुन्यात उतरत नाही, परंतु यंत्राचा स्वतःचा आवाज मात्र उतरतो.

ध्वनीचे विश्लेषण आणि बोलण्याचे स्वयंचलित लेखन यांसाठी प्रबळ चित्रप्रक्रियक असलेला संगणक लागतो. असा प्रक्रियक सुवाह्य रूपात मुख्यतः खेळांसाठी बनविलेल्या लॅपटॉपमध्येच मिळतो. म्हणून ज्याला गेमिंग लॅपटॉप म्हणतात ते यंत्र अभ्यासकाच्या पिशवीत येऊन बसले आहे. त्याचा पंखा का घरघरतो आणि तो शांत कसा करावा, हा प्रश्न त्यामुळे केवळ खेळणाऱ्या तरुणांचा राहिलेला नाही.

प्रथम उष्णतेचा विचार करू. संगणकात शिरणारी बहुतेक सर्व वीज अखेरीस उष्णतेत रूपांतरित होते. खेळासाठीच्या लॅपटॉपमध्ये दोन्ही प्रक्रियक पूर्ण ताणात असता ही उष्णता दीडशे वॉटच्या पुढे जाऊ शकते. ती दोन बोटे जाडीच्या पेटीतून बाहेर काढावयाची असते. प्रक्रियकावर तांब्याच्या चपट्या, पोकळ नळ्या बसविलेल्या असतात. त्यांतील हवा काढून अत्यल्प पाणी ठेवलेले असते. तापलेल्या टोकाशी त्या पाण्याची वाफ होते, ती थंड टोकाकडे जाऊन तेथे उष्णता सोडते आणि पुन्हा पाणी होऊन नळीच्या आतील सच्छिद्र अस्तरातून परतते. शिजत्या भातावरील झाकणाला आतून थेंब जमतात, तीच ही क्रिया होय. थंड टोकाशी पातळ धातुपट्ट्यांची जाळी असते व पंखा तीमधून हवा लोटतो. ह्या साखळीतील एक कडी जरी दुबळी झाली, तरी तिची भरपाई पंख्याला अधिक वेगाने फिरून करावी लागते. तेवढ्यानेही भागले नाही, तर साधारणतः ९५ ते १०० अंश सेल्सिअसला प्रक्रियक स्वतःच आपली गती उतरवितो.

आता आवाजाकडे वळू. पंख्याच्या आवाजाचे दोन घटक असतात. एक, हवेच्या खळबळीतून निर्माण होणारा विस्तृत पट्ट्याचा 'सूं' असा नाद. दुसरा, पात्यांच्या संख्येस सेकंदातील फेऱ्यांनी गुणले असता येणाऱ्या वारंवारतेचा रेखीव सूर. समजा, पंख्यास ६० पाती आहेत व तो मिनिटास ४८०० फेरे घेतो. तर सेकंदास ८० फेरे होतात आणि सूर ४८०० हर्ट्झच्या ठिकाणी पडतो. हाच प्रदेश 'स'च्या घर्षणाचा आहे. 'चार' आणि 'चारा' यांतील चकारांचा तालव्य-दंत्य भेद, तसाच जग म्हणजे विश्व आणि जग म्हणजे जगणे याचे आज्ञार्थी रूप यांतील जकारांचा भेद, ह्या वरच्या वारंवारतांवर पुष्कळ अंशी अवलंबून असतो. आणि लेखनात तो दिसतही नाही. बोलण्यातील अत्यंत बलवान स्वर आणि अत्यंत दुर्बळ व्यंजन यांत सुमारे ३० डेसिबलपर्यंत अंतर असते. त्यामुळे स्वर स्पष्ट ऐकू येत असतानाही शब्दान्तीचा क्षीण हकार घरघरीत बुडालेला असू शकतो. मग तो हकार बोलीतच नव्हता की पंख्याने गिळला, याचा निर्णय पुढे कोणासही करता येत नाही.

मावळात ह्या प्रश्नाला स्थानिक परिस्थितीचीही जोड मिळते. कार्ल्याच्या शिलालेखांत 'मामाल' ह्या नावाने येणारा हा प्रदेश आंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळ अशा खोऱ्यांत विभागलेला आहे. पावसाळ्यात भाताच्या लावणीमुळे लोकांना सवड नसते, आणि पत्र्याच्या छपरावर कोसळणाऱ्या पावसात मुद्रण अशक्यच होते. साहजिकच हे काम सुगीनंतर, पुष्कळदा उन्हाळ्यात, केले जाते. त्या वेळी खोलीतील हवा जितके अंश अधिक तापलेली, जवळजवळ तितकेच अंश प्रक्रियकाचे तापमान चढते. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंच असल्याने तेथील हवा सहा-सात टक्के विरळ आहे व तेवढ्याच फेऱ्यांत पंखा थोडी कमी हवा वाहून नेतो. परंतु हा तोटा घाटमाथ्याच्या थंडाव्याने बहुतांशी भरून निघतो. खरा शत्रू आहे तो उन्हाळ्यातील धूळ आणि चुलीचा धूर. ही पुटे पुढे पावसाळी दमटपणात भिजून धातूच्या जाळीत घट्ट बसतात.

उपायांचा क्रम उगमापासून धरावा. पहिला उपाय म्हणजे उष्णता कमी निर्माण करणे. प्रक्रियकाचा वीजव्यय वारंवारतेच्या आणि विद्युत्दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणून दाब १० टक्क्यांनी उतरविला तर त्याच गतीस व्यय सुमारे १९ टक्क्यांनी घटतो. जेथे दाब बदलण्याची सोय नसेल तेथे कमाल वॉटची मर्यादा घालावी. खेळणाऱ्याने सेकंदास १४४ चित्रांऐवजी ६० चित्रांची मर्यादा घातली, तर त्यालाही हाच लाभ होतो.

दुसरा उपाय हवेची वाट मोकळी ठेवण्याचा. यंत्र गोधडीवर किंवा गादीवर ठेवू नये. पाटावर ठेवून मागची बाजू दोन बोटे उचलावी. जाळीतील धूळ फुंकून काढताना पंख्याची पाती काडीने अडवून धरावीत, अन्यथा ती भलत्याच वेगाने फिरून धारव्यास अपाय होतो. काही वर्षांनी प्रक्रियक व तांबे यांमधील उष्णतावाहक लेप सुकतो. तो जाणकाराकडून बदलून घ्यावा. वातानुकूलित मोटारीतून आणलेले यंत्र दमट खोलीत लगेच सुरू करू नये. थंड धातूवर दव जमते. ते उडेपर्यंत थांबावे.

तिसरा उपाय पंख्याच्या नियमनाचा. पंख्याचा वेग अर्धा केला असता आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. वेग पाचव्या हिश्श्याने कमी केला तरी जवळजवळ ५ डेसिबलचा लाभ होतो. याउलट हवा वेगाच्या सरळ प्रमाणातच घटते. म्हणजे थोडी हवा देऊन पुष्कळ शांतता मिळते. मात्र वेग सारखा चढता-उतरता ठेवू नये. स्थिर नादाला कान सरावतो आणि मुद्रणातूनही तो बऱ्याच अंशी वजा करता येतो; सतत बदलणारा नाद मात्र धड सोसवतही नाही आणि काढताही येत नाही. यास्तव तापमान काही अंश उतरल्याखेरीज वेग उतरू नये, अशी योजना नियमनात असावी.

चौथा उपाय अंतराचा. उघड्या जागी अंतर दुप्पट केले की आवाज ६ डेसिबलने घटतो. ध्वनिग्राहकापासून अर्ध्या मीटरवरचे यंत्र दोन मीटरवर नेले तर १२ डेसिबल वाचतात. बंद खोलीत भिंतींच्या परावर्तनामुळे ते काहीसे कमी भरतात. ध्वनिग्राहक बोलणाऱ्याच्या मुखाजवळ, आणि एकदिश असल्यास पाठ यंत्राकडे करून, ठेवावा. वीज गेली असता खंत करण्याचे कारण नाही. बॅटरीवर चालताना लॅपटॉप आपला व्यय आपणच आवरतो, पंखा मंदावतो आणि वीजवाहिनीची ५० हर्ट्झची घुमही बव्हंशी जाते.

ह्या सर्वांवर ताण करणारा मार्ग मात्र सर्वांत साधा आहे. मुद्रण पंखा नसलेल्या छोट्या मुद्रकावर करावे आणि लॅपटॉप मिटून ठेवावा. विश्लेषण मुक्कामी परतल्यावर करावे. तेथे पंखा कितीही घरघरला तरी हरकत नाही. पुन्हा फिरवून करता येते ते विश्लेषण. आंबेमोहोराच्या खाचराचे वर्णन करणाऱ्या ऐंशी वर्षांच्या वृद्धेचे बोलणे पुष्कळदा एकदाच ऐकावयास मिळते, आणि ते जसे उच्चारले गेले तसेच पुढच्या अभ्यासकाच्या हाती पडले पाहिजे.