पदवीनंतरची सोरोरिटी
अमेरिकन कॉलेजांतल्या मुलींच्या संघटना म्हणजे सोरोरिटी. पदवी हातात पडली की अनेकींचं हे नातं जुन्या फोटोंपुरतं उरतं. कृष्णवर्णीय महिलांच्या सोरोरिटींचं मात्र तसं नाही. हॉवर्ड विद्यापीठात १९१३ साली २२ विद्यार्थिनींनी स्थापलेली डेल्टा सिग्मा थीटाच घ्या. मार्च १९१३ मध्ये वॉशिंग्टनच्या महिला मताधिकार मोर्चात त्या चालल्या. आज या सोरोरिटीच्या माजी विद्यार्थिनींच्या शाखा गावोगावी मतदार नोंदणी करतात, शिष्यवृत्त्या देतात. पदवीधर बाईला थेट अशा शाखेतूनही सभासद होता येतं. नातं टिकण्याचं खरं गमक या कामातच आहे. नुसत्या चहापानाला कोण किती वर्षं येणार? गावात नव्याने आलेल्या मुलीला पहिल्याच बैठकीत नोंदणीच्या टेबलावर बसवावं, भाषणं नंतर. तान्ह्या बाळाच्या आईला, रात्रपाळीवालीलाही जमेल अशी वेळ मात्र आधी ठरवायला हवी.