स्टेशन चौकातले स्टेशन

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून जाणारा पुणे–मिरज लोहमार्ग दुष्काळाच्या पोटी जन्माला आला. 1876 ते 1878 या काळात दख्खनमध्ये माणसे अन्नावाचून मेली. देशात इतरत्र धान्य होते, पण ते बैलगाडीने गावोगाव वेळेत पोचवणे शक्य नव्हते. त्यानंतर नेमलेल्या दुष्काळ आयोगाने 1880 साली अशा मुलखांत रेल्वे नेण्याचा आग्रह धरला. 1882 मध्ये सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी स्थापन झाली आणि 1890 पर्यंत पुण्याहून मिरज, बेळगावमार्गे लोंढ्यापर्यंत मीटरगेजचे रूळ पडले. कोल्हापूरकरांनी मागे राहायचे नाही असे ठरवले. 1888 च्या मे महिन्यात तरुण शाहू छत्रपतींच्या हस्ते कोल्हापूर–मिरज मार्गाची पायाभरणी झाली आणि 1891 मध्ये गाडी धावू लागली. सांगली संस्थानाची मिरजेहून निघणारी छोटी शाखा 1907 मध्ये आली.

या मार्गावरची स्थानके गावापासून लांब पडली. चढ-उतार, पूल आणि जमिनीचा खर्च पाहून इंजिनिअरांनी रूळ टाकले. गाव कुठे आहे, हा त्यांच्या दृष्टीने पुढचा प्रश्न होता. साताऱ्याला जाणारा माणूस ‘सातारा रोड’ला उतरून पुढचे कित्येक मैल टांग्याने जाई. महाबळेश्वरला हवापालटासाठी निघालेले साहेबलोक वाठार स्टेशनवर उतरत आणि तिथून सुमारे 40 मैल घाटरस्ता तुडवत. कऱ्हाडचे स्टेशनही गावाबाहेरच राहिले.

माळरानावरच्या या स्थानकांभोवती मग उद्योग उभे राहिले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानाने दिलेल्या जागेवर कारखाना काढला तो कुंडल रोड स्टेशनच्या शेजारी. पुढे त्या स्टेशनचेच नाव किर्लोस्करवाडी झाले. ओगल्यांचा काच कारखाना कऱ्हाड स्टेशनजवळ आला आणि त्यांच्या ‘प्रभाकर’ कंदिलाने घराघरांत उजेड केला. धनजीशा कूपर यांचा कारखाना सातारा रोडला उभा राहिला. कोळसा, बिडाचे ओतीव लोखंड, काचेची पेटी, नांगराचा फाळ असा सगळा माल मालधक्क्यावरूनच ये-जा करी. महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासात या छोट्या स्टेशनांना जेवढी जागा मिळायला हवी तेवढी अजून मिळालेली नाही.

राजकीय इतिहासाची एक खूणही याच मार्गावर आहे. 7 जून 1943 रोजी इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेने शेणोलीजवळ रेल्वे कर्मचाऱ्यांचा पगार घेऊन जाणारी गाडी अडवून लुटली. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ यांची नावे या घटनेशी जोडलेली आहेत. शेणोलीजवळ तिची आठवण सांगणारे स्मारक आहे. रेल्वेचा इतिहास सांगताना मात्र ही घटना बहुधा स्वातंत्र्यलढ्याच्या खात्यात टाकून दिली जाते.

त्या काळच्या छोट्या स्टेशनची इमारत ओळखायला सोपी असते. काळ्या दगडाच्या जाड भिंती, चुन्याचे सांधे, सागवानी चौकटी आणि तुळया, वर मंगलोरी कौले, पुढे लाकडी वा लोखंडी खांबांवरची पडवी. आत स्टेशन मास्तरची खोली, तिकीट खिडकी आणि प्रवाशांचे दालन. बाहेर रुळाचा तुकडा टांगून केलेली घंटा. एकेरी मार्गावर एका वेळी एकच गाडी सोडता यावी म्हणून मास्तरच्या खोलीत टोकनचे यंत्र असे. त्यातून निघालेला लोखंडी गोळा वेताच्या कडीला अडकवून ड्रायव्हरच्या हाती दिला जाई आणि तो हाती असल्याशिवाय गाडी पुढे काढायची नाही, असा कडक नियम होता. जुन्या स्टेशनचे जतन म्हणजे नुसत्या भिंतींचे जतन नव्हे, ते या सगळ्या व्यवस्थेचे जतन आहे.

हा वारसा सर्वांत जास्त पुसला गेला तो गेज बदलताना. 1971 पर्यंत पुणे–मिरज–कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला आणि तो होताना काही ठिकाणी रुळांची वाटच बदलली. साताऱ्याला माहुलीजवळ स्वतःचे स्टेशन मिळाले आणि सातारा रोडचे महत्त्व ओसरले. सांगलीत गावात शिरणारी जुनी शाखा बंद झाली आणि शहराचे स्टेशन मुख्य मार्गावर गेले. सांगलीतला स्टेशन चौक आजही गजबजलेला असतो, वसंतदादा पाटलांचे स्मारक तिथेच आहे, पण स्टेशन तिथे नाही. नव्या माणसाला रिक्षावाल्याशी बोलताना हे स्पष्ट करून घ्यावे लागते.

मिरजेची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. 1927 मध्ये बार्शी लाइट रेल्वे पंढरपूरहून मिरजेपर्यंत आली. ही अडीच फूट रुंदीची नॅरोगेज एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने 1897 मध्ये बार्शीत सुरू केली होती. कमी खर्चात, हलक्या रुळांवरून जड माल कसा न्यायचा, याचे जगाला दाखवलेले ते उदाहरण होते. गाडी मिरजेला पोचली त्याच वर्षी कॅलथ्रॉप वारला. ब्रॉडगेज आल्यावर कित्येक वर्षे मिरजेत तिन्ही गेज एकत्र नांदली, हा मान फार थोड्या जंक्शनांना मिळाला. 2010 च्या सुमारास नॅरोगेज संपली. त्याच वाटेच्या ब्रॉडगेजवरून 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेचे कृष्णेचे पाणी घेऊन ‘जलदूत’ गाडी तहानलेल्या लातूरला गेली. पंढरीच्या वारकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या नेणाऱ्या त्या बुटक्या नॅरोगेज गाडीची स्थानके मात्र रुळांबरोबरच लोकांच्या नजरेआड झाली.

आता पुणे–मिरज मार्गाचे दुहेरीकरण आणि ‘अमृत भारत’ योजनेतील नूतनीकरण या दोन्ही गोष्टींमुळे जुन्या वास्तूंचा प्रश्न पुन्हा समोर आला आहे. सातारा, कऱ्हाड, सांगली ही स्थानके त्या योजनेत आहेत. पालखीच्या मुक्कामाचे लोणंद नव्या रूपात मे 2025 मध्ये खुले झाले. प्रवाशाला सावली, स्वच्छतागृह, उंच फलाट हवाच. त्यासाठी दगडी इमारत पाडावीच लागते असे मात्र नाही, आणि याचा दाखला महाराष्ट्रातच आहे.

तो दाखला भायखळ्याचा. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे ही देशातली पहिली प्रवासी गाडी धावली तेव्हापासून भायखळा हे थांब्याचे ठिकाण आहे. तिथली सुरुवातीची लाकडी इमारत जाऊन लवकरच दगडी आली. तिच्या जतनाचे काम रेल्वेने स्वतः न काढता नागरिकांनी पुढे आणले. नाना चुडासमा यांनी स्थापन केलेल्या ‘आय लव्ह मुंबई’ संस्थेने शायना एन. सी. यांच्या पुढाकाराने ते हाती घेतले, बजाज समूहाने आर्थिक भार उचलला आणि वास्तुजतनाचा आराखडा आभा नारायण लांबा यांनी केला. काम पुरे व्हायला काही वर्षे लागली आणि एप्रिल 2022 मध्ये नूतनीकृत स्थानक लोकांपुढे आले. त्याच वर्षी युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा जतन पुरस्कारांत त्याला गुणवत्ता पुरस्कार मिळाला.

भायखळ्याचे वैशिष्ट्य असे की या कामासाठी स्टेशन बंद ठेवले नाही. जुन्या वास्तूचे संग्रहालय न करता ती वापरात ठेवून मूळ रूपाकडे नेणे हे तिथले उद्दिष्ट होते. त्यासाठी आधी भर घालायची नसते, वजाबाकी करायची असते. वर्षानुवर्षे चढलेले रंगाचे थर, नंतर जोडलेल्या पत्र्याच्या छपऱ्या, लोंबणाऱ्या वायरी, भिंतीत ठोकलेले फलक हे काढले की खरी इमारत दिसू लागते. मग तिच्या दुरुस्तीचा विचार करता येतो.

दुरुस्तीत सर्वांत जास्त नुकसान सिमेंट करते. चुन्याचा सांधा भिंतीतला ओलावा बाहेर पडू देतो, सिमेंट तो आत कोंडते. मग ओल दगडातून वाट काढते, पृष्ठभाग सुटू लागतो आणि काही पावसाळ्यांत जुन्या भिंतीला पापुद्रे येतात. म्हणून चुना मळणारा गवंडी, जुनी सागवानी चौकट न बदलता तिचा कुजलेला भागच कापून नवा सांधणारा सुतार आणि तुटलेल्या कौलाला कौलच मिळवून देणारा माणूस ही जतनाच्या कामातली खरी मातब्बर मंडळी. वाई, मेणवलीचे घाट आणि वाडे ज्या भागात आहेत तिथे ही कला अगदीच परकी नाही.

छोट्या गावात मुंबईचा नमुना जसाच्या तसा चालत नाही. मोठा देणगीदार जवळ नसतो. शिवाय स्टेशन रेल्वेच्या मालकीचे आणि रुळांलगत असते, त्यामुळे स्वयंसेवक फावडे घेऊन थेट कामाला लागू शकत नाहीत. गडावर श्रमदान करणाऱ्या मंडळांना याची सवय नाही. श्रमदानाची तयारी मात्र या मातीत भरपूर आहे. 2016 च्या पहिल्या वॉटर कप या जलसंधारण स्पर्धेत कोरेगाव तालुक्यातले वेळू गाव पहिले आले ते लोकांनी स्वतः खोदलेल्या चरांच्या जोरावर. स्टेशनच्या बाबतीत हीच शक्ती आधी कागदावर आणि मग विभागीय रेल्वे कार्यालयाच्या दारात खर्च करावी लागते. शंभर वर्षे उलटली म्हणून इमारत आपोआप संरक्षित होत नाही. तिची कुठल्या तरी वारसा यादीत नोंद व्हावी लागते आणि ती करायला कुणीतरी मागे लागावे लागते. विदर्भात यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही ‘शकुंतला’ नॅरोगेज पुन्हा धावावी म्हणून लोकांनी सत्याग्रहापर्यंत मजल मारली. तिथे प्रश्न सबंध मार्गाचा असल्याने तो खूपच अवघड आहे.

परदेशात या कामाचा आद्य नमुना वेल्समधला. तिथली टॅलिलिन ही छोटी रेल्वे मालकाच्या मृत्यूनंतर बंद पडणार होती. एल. टी. सी. रोल्ट या लेखकाच्या पुढाकाराने 1950 मध्ये संस्था उभी राहिली आणि 1951 पासून स्वयंसेवक ती चालवू लागले. लोक सुट्टीत येऊन रूळ बदलत, इंजिन धूत, तिकिटे फाडत. आपल्या भागाला अधिक जवळचे उदाहरण मात्र इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमधले आहे. बार्शी लाइटच्या अनुभवावरून कॅलथ्रॉपने तिथे लीक अँड मॅनिफोल्ड ही नॅरोगेज 1904 मध्ये बांधली. ती जेमतेम तीस वर्षे चालून 1934 मध्ये बंद झाली. रुळांच्या जागी 1937 मध्ये पायवाट झाली आणि ह्युल्म एंड येथील तिकीटघर आज पर्यटकांचे माहिती केंद्र आहे. तीस वर्षांच्या गाडीची एवढी जपणूक तिथे झाली. मिरज–पंढरपूर नॅरोगेज तर ऐंशी वर्षांहून जास्त धावली होती.

सातारा-सांगलीत या कामाची सुरुवात मोजमापापासून करता येते. इमारतीचा नकाशा, प्रत्येक बाजूचे छायाचित्र, भिंतीतली बांधकाम वर्षाची दगडी पाटी, कौलावरचा कारखान्याचा शिक्का, फलाटावरच्या लोखंडी बाकावर ओतलेली कंपनीची आद्याक्षरे, पाण्याच्या टाकीचे माप या नोंदींना कुणाची परवानगी फारशी अडवत नाही आणि पुढच्या प्रत्येक अर्जाला त्याच लागतात. घंटा, टोकनचा गोळा, हातगाडी, कंदील, पुठ्ठ्याची तिकिटे हे सामान जपायचे असेल तर आणखी घाई हवी, कारण कामाचे राहिले नाही की ते भंगाराच्या लिलावात जाते. निवृत्त मास्तर, पॉइंट्समन आणि गँगमन यांच्या आठवणींतून कुठल्या खोलीत काय होते हे कळते. इमारतीचा पुढचा वापर काय, हे मात्र अर्जातच लिहावे लागते. वाचनालय, बचतगटाचे विक्रीकेंद्र, वारकऱ्यांचे विश्रामस्थान किंवा रेल्वेचेच एखादे कार्यालय यांपैकी काही नक्की असेल, तर अधिकाऱ्याला सही करणे सोपे जाते. नाहीतर दुरुस्त झालेली इमारत कुलूप लावून पडते आणि पुढच्या पावसाळ्यात कौले पुन्हा गळू लागतात.